घट्ट मोजे: तुमच्या पायाला हवेत, मालकांच्या पायाला नकोत

पत्र : डॉक्टर, मी निपाणीजवळच्या एका खेड्यातून लिहिते. वय ४४. शाळेत अक्षर दासोहचा, म्हणजे मुलांच्या दुपारच्या जेवणाचा, स्वयंपाक करते, सकाळपासून दुपारची पंगत उठेपर्यंत उभीच असते. डाव्या पोटरीवर शिरांच्या गाठी आल्यात, संध्याकाळी पाय जड होतो, घोट्याजवळ खाज सुटते. कोल्हापुरात डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) केला. झडपा निकामी झाल्यात, सहा महिने दाबाचे मोजे घाला, मग लेसरचं बघू, असं सांगितलं. मोजे गुडघ्याखालपर्यंतचे आहेत, पण चढवताना घाम फुटतो. लांबीला जास्त होतात म्हणून वरून दुमडते, तर तिथं वळ उठतो आणि पाऊल जास्तच सुजतं. जाऊबाई म्हणतात, एवढं आवळलंस तर रक्त बंद पडून पाय काळा होईल. नणंदेचं म्हणणं, पायातलं सगळं रक्त काळजावर चढेल. खरं काय समजायचं? रात्रीही घालायचे का?
ता. क. आधी आणलेली जोडी मला सैल झाली, ती मालक घालतात. ते तंबाखूच्या वखारीत कामाला आहेत, बिडी आहेच. स्टँडपर्यंत चाललं की त्यांच्या पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. पाय गार पडतात म्हणून मोजे घालूनच झोपतात. चालेल ना?

ताई, ताज्या कलमापासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली घाईची गोष्ट तिथंच आहे. मालकांच्या पायातले ते मोजे आज रात्रीपासून बंद करा. ऊब हवी असेल तर साधे सैल सुती मोजे घालू देत, अंगावर घोंगडं घेऊ देत. गरम पाण्याची पिशवी किंवा शेक मात्र पायाला देऊ नका. रक्त कमी पोचणाऱ्या पायाला चटका बसलेला पटकन कळत नाही, आणि बसला की जखम भरता भरत नाही.

पत्रावरून निदान करू नये, हे मी इथं नेहमी लिहिते. पण ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा, दोन-चार मिनिटं उभं राहिलं की मोकळं, पाय गार आणि सोबतीला बिडी, इतकं सगळं एकत्र आलं की शिरांचा नव्हे, धमन्यांचा संशय घ्यायचा असतो. धमन्या हृदयाकडून पायात रक्त आणतात, शिरा ते परत वर नेतात. तुमची अडचण परतीच्या वाटेवर आहे. त्यांची, माझा अंदाज बरोबर असेल तर, येण्याच्या वाटेवर. दुखणं दोघांचंही पोटरीतच, म्हणून घरात एकच औषध दोघांना लागू पडेल असं वाटणं साहजिक आहे.

दोन्हींतला फरक घरीसुद्धा लक्षात येतो. तुम्ही भिंतीला पाय टेकवून पडलात की हलकं वाटतं, चाललात की बरं वाटतं, एका जागी उभ्या राहिलात की त्रास. मालकांना विचारा, रात्री पाऊल ठणकलं की ते पाय खाटेवरून खाली सोडून बसतात का? पाय वर उचलून धरला तर तळवा पांढरट पडतो का? पायाच्या बोटांवरचे केस गेलेत का, नखाजवळची एखादी जखम महिनाभर तशीच आहे का? यातल्या एकालाही होकार आला तर या आठवड्यात दवाखाना गाठा. बोटाचा रंग निळा-काळा होत असेल किंवा झोपेतही पाय दुखत असेल, म्हणजे पहिल्याच प्रश्नाला होकार असेल, तर आठवडाही थांबू नका. आणि एकाएकी पाय पांढरा, गार आणि बधिर पडला तर रात्र असो की दिवस, तासाभरात निघा.

त्यांनी मोजे रात्री घालावेत हे तर सगळ्यांत वाईट. दिवसा पाय खाली लोंबत असतो, त्यामुळं चिंचोळ्या धमनीतूनसुद्धा वजनानंच थोडं रक्त पावलापर्यंत उतरतं. आडवं झालं की ही मदत संपते. निरोगी माणसाच्या घोट्याजवळ आडवं असताना धमनीचा दाब दंडातल्या बीपीइतका किंवा थोडा जास्तच असतो, म्हणजे वरचा आकडा १२० च्या पुढंमागं. धमनी तुंबलेल्या पायात तो ५० पर्यंत उतरलेला असू शकतो, आणि बोटांच्या कातडीतल्या बारीक नळ्यांत त्याहून बराच कमी. त्यावर बाहेरून २५-३० चा दाब रात्रभर ठेवला तर कातडीला उरतं काय? तुमच्या जाऊबाईंची भीती या पायाच्या बाबतीत खरी आहे. फक्त ती तुमच्या पायाला लावलीय, तिथं ती चुकली.

तपासणी साधी आहे. बीपीचा पट्टा आधी दंडाला, मग घोट्याच्या वर बांधतात आणि हातात मावेल एवढ्या डॉपलरनं धमनीचा आवाज ऐकत दाब मोजतात. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा. उत्तर ०.९ च्या खाली आलं तर धमनीत अडथळा धरतात. ०.५ च्या आसपास किंवा खाली असेल तर असे मोजे वर्ज्य. मधल्या आकड्यांचा निर्णय सर्जनचा. मालकांना साखरेचा आजार असेल तर तेही सांगा, कारण मधुमेहात धमनीची भिंत कडक होते आणि आकडा उगाच चांगला येतो. मग बोटांचा दाब पाहावा लागतो. बेळगावला सरकारी दवाखान्यात जा, नाहीतर नेहमीप्रमाणं कोल्हापूर-मिरजेला जा. पण दूधगंगा ओलांडून महाराष्ट्रात जाणार असाल तर कर्नाटकातलं आरोग्य कार्ड तिथं चालतं का हे आधी फोन करून विचारा. सीमाभागात निम्मा आजार या कार्डांच्या खेपांतच वाढतो.

आणि बिडी. धूम्रपानानं धमन्या सगळ्यांच्याच खराब होतात, पण तंबाखूशी जखडलेला एक वेगळाच आजार आहे, १९०८ मध्ये लिओ बर्जर या डॉक्टरनं त्याचं सविस्तर वर्णन केलं. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांना तो जास्त होतो, आधी हातापायाच्या टोकाच्या धमन्या बुजतात, मग बोटं जातात. त्यावर खात्रीचा उपाय एकच : तंबाखू पूर्ण बंद. कमी करून भागत नाही. बिडी सोडून मशेरी किंवा गुटखा धरला तरी भागत नाही. निपाणीत ज्याचं पोटच तंबाखूच्या पेठेवर आहे त्याला हे सांगणं सोपं नाही, मला माहीत आहे. दिवसभर वखारीत धूळ नाकातोंडात जाते आणि शेजारी बसलेला काडी पुढं करतो. तरी सांगायला हवं. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, सोडायला मदत करतात. एकदा तुम्हीच लावून द्या, पुरुष माणूस आपणहून लावत नाही.

आता तुमच्या पायाकडं.

शेतातल्या विहिरीवरची मोटर तुम्ही पाहिली आहे. फूटव्हॉल्व्ह गळका असला की मोटर बंद केल्यावर पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. पायाच्या शिरेत असे व्हॉल्व्ह एक नाही, घोट्यापासून जांघेपर्यंत ठिकठिकाणी असतात, आणि मोटरचं काम पोटरीचा स्नायू करतो. पाऊल टाकलं की स्नायू आवळतो, खोल शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. स्नायू सैल पडला की झडप मिटते आणि रक्त खाली येत नाही. तुमच्या कातडीखालच्या मोठ्या शिरेतल्या झडपा मिटत नाहीत. ढकललेलं रक्त पुन्हा खाली येतं, शीर ताणते, ताणली की झडपांची पानं एकमेकांपासून आणखी लांब जातात, आणि गळती वाढते. बाहेर दिसणाऱ्या गाठी म्हणजे ही ताणून वेडीवाकडी झालेली शीर.

हे आकड्यांत पाहिलं की मोजे कशासाठी ते नीट कळतं. स्वस्थ उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याचे ८० ते ९० मिलिमीटर दाब असतो. हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताचं हे नुसतं वजन, आणि ते तुम्हाला-मला सारखंच. फरक पडतो चालताना. धडधाकट पायात दहा-बारा पावलांत तो २०-३० पर्यंत उतरतो. झडपा गळणाऱ्या पायात तो फारसा उतरतच नाही. म्हणजे तुम्ही दिवसभर चुलीपासून मोरीपर्यंत कितीही फेऱ्या मारल्या तरी घोट्याजवळच्या कातडीला विसावा नाही. दाबामुळं बारीक नळ्यांतून पाणी बाहेर झिरपतं, तीच संध्याकाळची सूज. काही तांबड्या पेशीही बाहेर पडतात, त्यांतलं लोह कातडीत साचून घोट्याच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग येतो. खाज ही त्याच वाटेवरची पायरी. पुढची पायरी जखमेची, आणि ती जखम महिनोन् महिने छळते.

तुमच्या मोज्याच्या पाकिटावर बहुधा ‘क्लास २’ आणि २३ ते ३२ असा आकडा असेल. तो दाब घोट्याशी सगळ्यांत जास्त असतो, पोटरीवर कमी, गुडघ्याखाली त्याहून कमी. रक्त खालून वर जावं म्हणून ही उतरंड मुद्दाम विणलेली असते.

तुम्ही विचाराल, आत ऐंशी-नव्वदचा दाब असताना बाहेरून पंचवीसनं काय होणार? प्रश्न रास्त आहे. आडव्या पडलेल्या माणसाच्या शिरेत दाब थोडाच असतो, तिथं विशीचा दाबसुद्धा शीर अरुंद करतो आणि रक्ताचा वेग वाढवतो. उभ्या माणसाची शीर खरोखर चपटी करायला मात्र पन्नास-साठच्या पुढं जावं लागतं, एमआरआय काढून हे पाहिलेलं आहे. म्हणजे मोजे घालून तुम्ही कढईपुढं जागच्या जागी उभ्या राहिलात तर शिरेवर परिणाम बेताचाच. खरी मदत पाय हलला की होते. स्नायू आवळताना बाहेरच्या बाजूला फुगतो, मोजा त्याला फुगू देत नाही, म्हणून तो सगळा जोर आतल्या शिरेवर पडतो आणि प्रत्येक पावलागणिक जास्त रक्त वर जातं. कातडीखालची शीर थोडी आक्रसते, तिच्यात कमी रक्त साठतं, गळती घटते. आणि बाहेरून दाब असल्यानं पाणी झिरपणंही कमी होतं. याचा फायदा उभ्यानंसुद्धा मिळतो, आणि संध्याकाळी तुम्हाला जाणवेल तो हाच.

तेव्हा ‘रक्त बंद पडेल’ याचं उत्तर असं की रक्त आणणाऱ्या धमनीत दाब शंभराच्या वर, उभ्यानं तर त्यावर रक्ताच्या वजनाचे आणखी ऐंशी-नव्वद. तिला पंचवीस-तीसनं धक्का लागत नाही. फक्त धमनी निरोगी हवी. तुमच्या पायाची नाडी बघूनच मोजे लिहून दिले असतील, तरी पुढच्या भेटीत ‘पायाची नाडी लागते ना?’ एवढं विचारा. मोज्यांत बोटं बधिर होत असतील, पांढरी किंवा निळी पडत असतील तर लगेच काढा आणि माप पुन्हा घ्या.

या मोज्यांमागची गंमत सांगायचा मोह होतो. कॉनराड जॉबस्ट नावाचे जर्मनीत जन्मलेले इंजिनियर अमेरिकेत टोलेडो शहरात राहायचे. शिरांचा त्रास त्यांना स्वतःलाच होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय मोकळे वाटतात हे त्यांच्या ध्यानात आलं. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणजे घोट्याशी जास्त आणि वर वर कमी. एक मीटर पाण्याखाली तो सुमारे ७४ मिलिमीटर भरतो. हीच उतरंड कापडात आणायची, असं त्यांनी ठरवलं आणि १९५० च्या सुमारास तसे मोजे बनवायला घेतले. वेदगंगेत कमरेइतक्या पाण्यात धुणं धुताना पाय का दुखत नाहीत, त्याचं कारणही हेच.

आता तुम्ही वरून दुमडता ते. दुमडलं की तिथं कापड दुहेरी, दाब जवळजवळ दुप्पट, आणि तोही नेमका जिथं सगळ्यांत कमी हवा तिथं. खालून वर चाललेल्या रक्तापुढं तुम्ही स्वतःच बंधारा घातला! वळ आणि पावलाची सूज तिथूनच येते. वर उरलेलं कापड खाली चोळत आणून पोटरी-घोट्यावर सारखं पसरा. टाच टाचेच्या खोळीत बसली नसेल तर लांबी हमखास जास्त वाटते, आधी ती बघा. तरीही गुडघ्याच्या घडीपर्यंत येत असेल तर माप चुकलं आहे, बदलून घ्या. माप सकाळी अंथरुणातून उठल्याउठल्या घ्यायचं : घोट्याचा सगळ्यांत बारीक भाग, पोटरीचा सगळ्यांत जाड भाग आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची लांबी. दुपारी बाजाराला गेल्यावर दुकानात घेतलेलं माप सुजलेल्या पायाचं असतं.

चढवायचेही सकाळीच. अंघोळ, झाडलोट, डबे करून मग घातले तर तोवर पाय भरलेला असतो आणि घाम तेवढ्यासाठीच फुटतो. अंघोळ सकाळची असेल तर नंतर दहा मिनिटं पाय वर करून पडा, पाय कोरडे पुसा, थोडी टाल्कम पावडर लावा. मोज्यात हात घालून टाच चिमटीत धरा आणि टाचेपर्यंत मोजा उलटा करा. आधी पाऊल, मग टाच बसवा, मग तळहातानं थोडं थोडं वर. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर कापड पकडीत येतं, नखंही लागत नाहीत. वरची कड धरून ओढू नका, तिथूनच फाटतात.

जोडवी काढा असं मी म्हणणार नाही. पण जोडव्यात धागा अडकून मोजा उसवतो, म्हणून पुढून बोटं उघडी असलेले मोजे मागा, ते मिळतात. पैंजण मोज्याच्या आत नको, वरून घाला. टाचेच्या भेगांना खोबरेल रात्री लावा, दिवसा नाही, तेलानं लवचिक धागा सुटतो. आणि चुलीशी जपा, हे कापड जाळाजवळ पटकन वितळतं.

रोज रात्री साध्या साबणानं हातानं धुवा, न पिळता सावलीत वाळवा. पावसाळ्यात आपल्याकडं वाळणारच नाहीत, तेव्हा दोन जोड्या लागतात. साधारण सहा महिन्यांत ताण जातो. मोजा सहज चढायला लागला की समजायचं, कामातून गेला. खर्च होतो, हे मान्य. पण बसमध्ये किंवा बाजारात मिळणारे ‘मेडिकल सॉक्स’, ज्यांच्यावर दाबाचा आकडाच नाही, त्यावर घालवलेले पैसे पूर्ण वाया. घरच्या घरी क्रेप बँडेज गुंडाळणंही नको. कुठं किती आवळलं ते हातावर जातं.

रात्री काढायचे. आडवं झाल्यावर शिरेतला दाब आपोआप उतरतो, त्यांना काम उरत नाही. झोपण्याआधी पाय बघा : कुठं लाल चट्टा, फोड, घोट्याच्या हाडावर घासलेलं. नणंदेच्या शंकेबद्दल एवढंच की उभं राहिल्यावर पायात उतरणारं रक्त अर्ध्या लिटरच्या आसपास असतं, त्यातलं थोडंसं परत गेलं तर निरोगी हृदयाला कळतही नाही. ज्यांचं हृदय अशक्त होऊन अंगात पाणी साचतं त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत. तसंच दोन्ही पाय सारखे सुजत असतील तर शिरांच्या पलीकडंही पाहावं लागतं. बीपीच्या अॅम्लोडिपिन गोळीनंसुद्धा घोटे सुजतात, चालू असेल तर सांगा.

स्वयंपाकघरात तीन गोष्टी जमवा. भाजी चिरणं, तांदूळ निवडणं स्टुलावर बसून. भात शिजेपर्यंत उभं राहायचंच असेल तर चवड्यांवर वर-खाली, दर थोड्या वेळानं पंधरा-वीस वेळा, म्हणजे मोज्याला हवं ते हलणं मिळतं. आणि घरी आल्यावर वीसेक मिनिटं पाय छातीपेक्षा उंच. सासू काय म्हणेल याची चिंता असेल तर हा अंक दाखवा.

काही खुणांना मात्र थांबायचं नाही. एकच पोटरी एक-दोन दिवसांत सुजून टणक, गरम आणि दुखरी झाली तर खोल शिरेत गुठळी असू शकते. पाय चोळू नका, तेल लावून मालीश तर नकोच, त्याच दिवशी डॉपलर. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट मोठ्या दवाखान्यात. शिरेची गाठ फुटून रक्त वाहिलं तर घाबरून वर पदर आवळून बांधू नका. आडव्या पडा, पाय उंच करा, स्वच्छ फडकं त्याच जागेवर बोटांनी दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. रक्त कितीही भयंकर दिसलं तरी असं थांबतं.

राहता राहिलं लेसर. मोज्यांनी झडप दुरुस्त होत नाही, गाठी जात नाहीत. घातले तोवर गुण, काढले की पाय पुन्हा पहिल्यासारखा. म्हणून ‘सहा महिने घालून बघू’ याचा अर्थ सहा महिन्यांत बरं होईल असा धरू नका. तुमची खाज सुरू झाली आहे, घोट्याचा रंग बदलायला लागला असेल तर सहा महिन्यांची वाट न पाहता आधीच दाखवा. लेसरनं गळकी शीर आतून बंद केली तर रक्त खोल शिरांतून वर जातं, पाय रक्तावाचून राहत नाही. बहुतेक बायका त्याच दिवशी चालत घरी येतात, पण लगेच उभ्यानं पाच तास स्वयंपाक जमणार नाही. शाळेला एप्रिल-मेची सुट्टी असते, तारीख त्या बेतानं मागा. विचारायचं ते असं : खोल शिरा मोकळ्या आहेत ना, दोन्ही पायांचं एकदम करणार की वेगळं, नंतर मोजे किती आठवडे, आणि पाकिटावर कोणता क्लास असावा. उत्तरं डॉपलरच्या कागदामागं तिथंच लिहून घ्या.